उकारा बेटावर मी उत्तरासाठी थांबले

मित्रांनो, वयाने मी फार मोठी नाही, पण संगणकाच्या जगात जुनी म्हणवून घेण्याइतकी नक्कीच आहे. मी एक आज्ञावली आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, अंगावर रंग नाही. मी म्हणजे एकाखाली एक लिहिलेल्या ओळी. हे कर, मग ते कर, ते जमले नाही तर असे कर. संगणकात नवा प्रोग्राम बसवायचा असला की मला बोलावतात. मी तो आणते, तपासते, जागेवर बसवते, जुना बाजूला करते आणि नवा नीट चालू लागला की निघून जाते. घर उभे राहिल्यावर गवंड्याला कोणी घरात शोधत नाही. माझेही तसेच आहे, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

माझे नाव फुंदी. स्वाहिलीत फुंदी म्हणजे कारागीर. सायकल दुरुस्त करणारा तो फुंदी, चप्पल शिवणारा तोही फुंदी. ज्याच्या हातून काम सुधारते त्यालाच इकडे हे नाव मिळते, म्हणून मला ते आवडते.

माझा जन्म टांझानियातल्या म्वांझा शहरात झाला. तिथे सरोवराच्या काठी होडीवाल्यांच्या मंडळाचे एक बसके कार्यालय आहे. सरोवरातल्या बेटांवर या मंडळाची ठाणी आहेत. प्रत्येक ठाण्यावर एक बिनतारी संच आणि त्याला जोडलेला संगणक. होडीवरून कोणी हाक मारली की ती त्या संगणकातून ठाण्यावरच्या माणसाच्या कानात पडते, आणि त्याचे उत्तर त्याच वाटेने होडीवर जाते. तो प्रोग्राम बंद पडला तर ठाणे बहिरे आणि मुके होते. सरोवर शांत असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. वारा सुटला असेल तर मात्र माणसे मरतात.

मला लिहिले न्यामिझीने. सगळ्या ठाण्यांचे संगणक तिच्या हाती होते. ती मूळची शिन्यांगाकडची, कोरड्या मुलखातली. तिच्या लहानपणी पाणी म्हणजे विहिरीतले, तेही तळाशी. बोटीने धक्का सोडला नाही तोच तिचा चेहरा राखेसारखा होई. प्रोग्राम बदलायला ती बेटाबेटांवर जायची आणि उतरल्यावर बराच वेळ एखाद्या दगडावर डोके धरून बसायची. उकारा बेटावरचे म्झे मागेसा तिला हसायचे. म्झे म्हणजे वडीलधारे. पूर्वी ते स्वतः होडी चालवत, आता ठाण्यावर बसत.

"लेकी, तू येणार कळलं की आम्ही आधी बादली शोधतो," ते म्हणायचे. "संगणकाची किल्ली मागाहून."

"हसा, म्झे. एक दिवस मी न येताच काम करून दाखवीन."

"न येता? मग आमच्याकडचा भाजलेला मासा कोण खाणार?"

ठाण्यावर पोचून संगणकापुढे बसले की तो प्रश्न विचारू लागे. भाषा कोणती ठेवू? घड्याळ कुठल्या देशाचे? अटी मान्य आहेत का? जुना काढू का? नक्की काढू का? न्यामिझी प्रत्येक ठाण्यावर तीच उत्तरे देई. एवढा पाण्यावरचा प्रवास करून यायचे आणि टांझानियाचे घड्याळ हवे म्हणून सांगायचे. एकदा परतीच्या बोटीवर, आल्याचा चहाही पोटात टिकेना तेव्हा, तिने मला लिहायचे ठरवले.

तिने आधी सगळे प्रश्न वेगवेगळे केले. भाषा आणि घड्याळ यांची उत्तरे सगळीकडे सारखीच, ती तिने मला पाठ करून दिली. काही उत्तरे ठाण्यावर पाहूनच कळतात, जसे की बिनतारी संच कुठल्या जातीचा आहे. ते कसे पाहायचे हे तिने मला शिकवले. उरला एक प्रश्न. जुना प्रोग्राम बंद करून नवा चालू करायचा, त्या वेळी ठाणे थोडा वेळ मुके होते. मग आत्ता बंद करू का? याचे उत्तर तिने मला दिले नाही. तिने लिहिले, हे खुर्चीवर बसलेल्या माणसाला विचार.

इथेच तिचे आणि ब्वाना कामुगिशा यांचे वाजले. ब्वाना म्हणजे साहेब, आणि कामुगिशा कार्यालयाचे प्रमुख. बुकोबाकडचे, उंच, इस्त्रीच्या सदऱ्यातले, आणि बसल्या जागी पाय हलवत राहणारे. त्यांना वाट पाहणे ठाऊक नव्हते.

"प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायला शिकव तिला आणि मोकळी हो," ते म्हणाले.

"तसा एक नोकर, एक छोटा प्रोग्राम, प्रत्येक यंत्रात आधीपासून असतो, ब्वाना. थांब म्हणेपर्यंत नुसतं 'हो, हो, हो' म्हणत बसतो. दुसरं काही येत नाही त्याला."

"मग त्यालाच लाव की कामाला. पगारही मागणार नाही."

"घराला आग लावू का विचारलं, तरी हो म्हणेल तो."

कामुगिशांनी हात झटकला. त्यांचा विरोध हट्टाचा नव्हता, हे मी आवर्जून सांगते. त्यांच्या थोरल्या भावाला याच सरोवराने नेले होते. ठाणी नीट चालावीत म्हणून ते घरी कमी आणि कार्यालयात जास्त असत.

माझी सुरुवातीची वर्षे कौतुकात गेली. म्वांझातून एक आज्ञा सुटली की मी साऱ्या ठाण्यांवर कामाला लागे. कधी अर्ध्यात वीज जाई. वीज आली की आपण काय केले होते आणि काय राहिले आहे हे मी आधी तपासे, आणि राहिले तेवढेच करी. कोमे बेटावर मात्र एकदा मला जागाच सापडेना. तिथल्या मामा न्याबुसो यांनी सगळा संगणक लग्नांच्या चित्रफितींनी भरून ठेवला होता. (इकडे मामा म्हणजे आई, गैरसमज नको.) मी उघडलेले सारे पूर्ववत बंद केले आणि पडद्यावर साध्या स्वाहिलीत लिहिले, 'जागा अपुरी आहे. मी काहीही बदललेले नाही. तुमचे ठाणे पूर्वीसारखेच चालू आहे. जागा करून मला पुन्हा बोलवा.'

मामांनी ताबडतोब म्वांझाला फोन लावला.

"न्यामिझी, तुझी ती फुंदी म्हणते जागा कर. मी काय काढू? माझ्या लेकीचं लग्न काढू?"

"जावयाकडचा भाग काढा, मामा."

"तो तर आधीच काढलाय."

तरीही मामा नंतर सगळ्यांना सांगत, की यंत्र बिघडले तर आकडे आणि शिव्या दाखवते, ही मात्र माणसासारखी सांगते. मित्रांनो, चूक सगळ्यांच्या कामात येते. पण चूक आल्यावर अर्धवट पसारा टाकून मी कधी गेले नाही. काय झाले, काय झाले नाही आणि आता काय करावे, एवढे सांगितल्याशिवाय मी कोणाचा निरोप घेतला नाही. याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

मग ते वर्ष आले. ठाण्यांवरच्या प्रोग्राममध्ये एक दोष निघाला. बोलणे लांबले की तो अडखळू लागे, शब्द तुटत, कधी सगळेच गप्प होई. नवा प्रोग्राम तयार झाला तेव्हा वादळांचे दिवस तोंडावर आले होते. कामुगिशांना तो एका फटक्यात सगळीकडे हवा होता.

"ठाण्यावरच्या माणसानं तुझ्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही तर?" त्यांनी न्यामिझीला विचारले.

"फुंदी थोडा वेळ वाट बघेल. मग 'नाही' समजेल."

"'नाही' कशाला? गप्प बसला म्हणजे हरकत नाही. आमच्या आजोबांच्या काळी मुलगी गप्प राहिली की लग्नाला होकार धरायचे."

"माझ्या मावशीचा तसाच धरला होता. ती आजतागायत त्याबद्दल गप्प बसलेली नाही."

कामुगिशा हसले, पण पाय हलायचा थांबला नाही. "चेष्टा बाजूला ठेव. एका ठाण्यावर जुना प्रोग्राम राहिला आणि तिथंच होडी अडकली तर? तो शब्द गिळतो. माणूस ओरडत असेल आणि आपल्याला ऐकू येणार नाही."

"आणि माणूस ओरडत असताना फुंदीनंच ठाणं बंद केलं तर?" न्यामिझी म्हणाली. "ब्वाना, उत्तर न देणारा माणूस बहुतेक वेळा झोपलेला नसतो. कामात असतो. जुना प्रोग्राम वाईट आहे, कबूल. पण बंद कधी करायचा ते आपल्याला म्वांझात बसून दिसत नाही."

शेवटी कामुगिशा म्हणाले, "ठेव तुझं 'नाही'. पण काही झालं तर मी तुझं नाव सांगणार."

"सांगा. नीट उच्चारून सांगा."

एका सकाळी आज्ञा सुटली. मी निघाले. कोमेवर मामांनी 'हो' दाबले. गोझिबा बेटावर 'हो'. दुपारपर्यंत म्वांझाच्या पडद्यावर एकेक ठाणे हिरवे होत गेले. उकारावर मी नवा प्रोग्राम आणला, तपासला, जुन्याच्या शेजारी तयार करून ठेवला आणि पडद्यावर प्रश्न मांडला, 'नवा प्रोग्राम तयार आहे. तो चालू करताना ठाणे थोडा वेळ बंद राहील. आत्ता बंद करू का?'

उत्तर आले नाही.

मी वाट पाहिली. ठरलेला वेळ संपला. मग मला शिकवले होते तसे मी 'नाही' समजले. जुन्याला हात लावला नाही. प्रश्न पडद्यावर तसाच ठेवला आणि म्वांझाला कळवले, 'उकारा: उत्तर नाही. जुना चालू आहे. नवा तयार आहे.'

म्वांझात उकारापुढे लाल खूण उमटली. पुढचे मला नंतर कळले, कारण न्यामिझीने ते नव्या माणसांना अनेकदा सांगितले आहे. कामुगिशांनी उकाराला फोन लावला. कोणी उचलेना.

"जेवून आडवा झाला असेल म्हातारा," ते म्हणाले. "झालं तुझं समाधान? बाहेर आभाळ बघ."

आभाळ खरोखरच काळे झाले होते. न्यामिझीने उकाराची बिनतारी वाहिनी लावली. खरखरीतून म्झे मागेसांचा आवाज आला, अगदी संथ.

"...मासातू, ऐकतोयस ना? होडीचं तोंड वाऱ्याकडे धर. वल्ही सोडू नका कोणी."

मासातू एका मचव्याचा नाखवा होता. बाजार उरकून माणसे आणि कसावाच्या कंदांची पोती घेऊन तो उकाराकडे निघाला होता. वाऱ्याने गाठले, यंत्रात पाणी शिरले आणि ते बंद पडले. ठाण्यावरून एक होडी मदतीला निघाली होती, पण पावसाच्या पडद्यात तिला मचवा दिसत नव्हता. मासातू कुठे आहे हे फक्त मागेसांना त्याच्या बोलण्यावरून ताडता येत होते, आणि ते दुसऱ्या होडीला वाट सांगत होते.

कामुगिशा खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांचा पाय थांबला होता.

मग दोष डोके वर काढू लागला. बोलणे लांबले होते.

"म्झे, डाव्या हाताला ख... पांढ..."

"पुन्हा सांग. काय दिसतंय?"

"खड... दोन... पांढरे..."

"पांढरी विष्ठा पडलेले दोन खडक का रे? पाणकावळे बसतात ते?"

"...कावळे, हो. जवळ..."

पुढे नुसती खरखर. कामुगिशा हळूच म्हणाले, "गिळला. शब्द गिळतोय तो. मी सांगितलं होतं."

आपण चुकलो की काय, हे त्या क्षणी न्यामिझीला ठाऊक नव्हते.

मित्रांनो, मला कान नाहीत. पण ठाण्यावरचे सगळे बोलणे त्या संगणकात साठवले जाते आणि मी तिथेच होते, म्हणून पुढचे मी खात्रीने सांगते. मागेसांनी तेव्हा पहिल्यांदा पडद्याकडे पाहिले, असे ते नंतर सांगत. माझा प्रश्न त्यांनी वाचला. बटण दाबले नाही. आधी ते मासातूशी बोलू लागले, एकेक शब्द तोडून, म्हणजे त्यातले काही गिळले गेले तरी अर्थ उरावा.

"मासातू. नांगर टाक. त्या खडकांच्या मागे तळ उथळ आहे. नांगर धरेल. धरला की सांग."

बराच वेळ खरखर. मग, "धर... धरला, म्झे."

"शाब्बास. आता ऐक. माझा आवाज थोडा वेळ जाणार आहे. मी मुद्दाम घालवतोय. मेलो म्हणून समजू नकोस. पाणी उपसत राहा, बायकांना गाणं म्हणायला सांग. मी परत येतो. कळलं का?"

"कळलं. लवक..."

"पोती टाका पाण्यात. आणि गाणं मोठ्यानं म्हणा."

दुसऱ्या होडीलाही त्यांनी तेच सांगितले. मग माझ्या प्रश्नाला उत्तर दिले. 'हो.'

मी जुना प्रोग्राम बंद केला. ठाणे मुके झाले. नवा चालू करायला गेले तर तो उभाच राहीना. बंद झालेल्या जुन्याचा एक तुकडा अजून बिनतारी संचाला धरून बसला होता, आणि नव्याला संच मिळत नव्हता. म्वांझात वाहिनीवर शांतता होती. खडकांमागे मासातू पाणी उपसत होता.

नुसते 'हो, हो' म्हणणारा नोकर इथे असता तर त्याने काम झाले म्हणून सांगितले असते आणि ठाणे मुकेच राहिले असते. मला तसे शिकवलेले नव्हते. चालू केले म्हणजे चालू झाले असे नाही, चालू झाले का ते पाहा, हे न्यामिझीने माझ्यात लिहिले होते. मी पाहिले, नवा उभा नव्हता. कोण अडवतो आहे ते शोधले. तो तुकडा सोडवला. जुना प्रोग्राम हाताशी ठेवला, पुन्हा जमले नाही तर तोच परत बसवायचा म्हणून. मग नव्याला पुन्हा उठवले.

तो उठला. त्याने संच धरला. मी पडद्यावर लिहिले, 'एक अडचण आली होती, ती दूर झाली. ठाणे चालू आहे. बोला.'

"मासातू," मागेसा म्हणाले.

उत्तर इतके स्वच्छ आले की मागे बायकांचे गाणेही ऐकू आले.

"आहे, म्झे. आहोत सगळे."

"गाणं बेसूर आहे रे तुमचं. पण थांबवू नका. आता सांग, खडक कुठल्या हाताला?"

त्यापुढे एकही शब्द गिळला गेला नाही. मदतीची होडी आधी गाण्याच्या आणि मग मागेसांच्या सांगण्याच्या आधाराने खडकांमागे पोचली. संध्याकाळ व्हायच्या आत सगळी माणसे उकाराच्या वाळूवर होती. त्यातली एक बाई ठाण्यात येऊन मागेसांवर डाफरलीच.

"माझा सगळा कसावा सरोवराला घालायला लावलात, म्झे."

"सरोवरानं तुला परत दिलं ना? मग त्याला जेवायला नको काही?"

ती रडायला लागली, आणि मागेसांनी तिला चहा दिला.

म्वांझात कामुगिशा खिडकीशी उभे होते. न्यामिझीकडे पाठ करूनच ते म्हणाले, "मी सांगितल्यासारखं लिहिलं असतंस, तर दुपारीच, तो नांगर टाकायच्या आधी..."

"हो, ब्वाना."

"ते 'नाही' कुठं लिहिलंयस? माझ्यासारखा दुसरा कोणी आला तर पुसेल."

"मध्ये कुठंतरी आहे."

"वर घे. सगळ्यात वर. आणि का, तेही लिही."

म्हणून आजही माझी पहिली ओळ अशी आहे, 'उत्तर आले नाही तर ते नाही समज, कारण माणूस कामात असू शकतो.' तिचा संगणकाला काही उपयोग नाही. ती माणसांसाठी आहे. पुढे दुसऱ्या सरोवरांवरच्या, नद्यांवरच्या मंडळांनी माझी नक्कल करून नेली. ओळी बदलल्या, भाषा बदलली. पण ती पहिली ओळ सगळ्यांनी ठेवली असे ऐकते, आणि माझा ऊर, असता तर, भरून आला असता.

आता माझ्यापेक्षा चपळ आज्ञावल्या आल्या आहेत. बरीच ठाणी त्यांच्याकडे गेली. म्झे मागेसांनी खुर्ची सोडली, ते आता मुलांना पोहायला शिकवतात. न्यामिझी दुसरी कामे पाहते. महिनोन् महिने कोणी मला हाक मारत नाही. माझ्यातल्या काही ओळी आता अस्तित्वात नसलेल्या संचांविषयी आहेत, त्या कोणी पुसलेल्या नाहीत, नव्या कोणी घातलेल्या नाहीत. यंत्राला गंज चढतो तो दिसतो. आज्ञावली जुनी होते ती कोणाला दिसत नाही. मित्रांनो, ज्यांच्या जिवावर तुमचे काम चालते त्यांना बिघाड होईपर्यंत विसरू नका. मधूनमधून उघडून पाहा. आणि पडद्यावर प्रश्न आला तर घाईने 'हो' दाबून पुढे जाऊ नका. कोणीतरी, कुठेतरी, विचार करून तो प्रश्न तुमच्यासाठी ठेवलेला असतो. तो वाचा.

परवा एका लहान बेटावर नवे ठाणे उघडले. तिथला संगणक जुना होता, म्हणून मला बोलावले. मी सगळे तयार केले आणि प्रश्न मांडला. खुर्चीवरची बाई कोणा नाखव्याशी बोलत होती. काही संकट नव्हते. आपल्या लेकराचा ताप उतरला का, एवढेच तो घरी विचारायला सांगत होता. तिने माझा प्रश्न पाहिला आणि 'नाही' दाबले.

मी थांबले. त्याचे बोलणे व्हायचे होते.